भविष्याचे संग्रहालय कसे पाहावे

संग्रहालय म्हटले की जुन्या वस्तू आल्या: नाणी, तलवारी, ताम्रपट, पेंढा भरलेले प्राणी. भविष्यावरच्या संग्रहालयाची पंचाईत इथेच सुरू होते, कारण जे अजून घडलेच नाही त्याची वस्तू कुठून आणायची? तरीही गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगात अशी संग्रहालये उभी राहिली. तापमानवाढ, पाणी, ऊर्जा, लोकसंख्या आणि माती हे त्यांचे विषय. तिथे मांडलेल्या असतात त्या प्रक्रिया: आज अमुक केले तर उद्या काय होईल, हे पाहणाऱ्याने स्वतः कळ दाबून, चाक फिरवून किंवा आकडे बदलून पाहायचे असते.

ही पद्धत एका दिवसात आलेली नाही. म्युनिकचे डॉइचेस म्युझियम 1925 मध्ये आजच्या वास्तूत सुरू झाले, तेव्हा प्रेक्षकाने यंत्राचा दांडा स्वतः फिरवून पाहावा ही कल्पना तिथे जोमाने राबवली गेली. 1969 मध्ये फ्रँक ओपनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोत ‘एक्सप्लोरेटोरियम’ काढले. अणुबॉम्ब प्रकल्पाचे प्रमुख रॉबर्ट ओपनहायमर यांचे हे धाकटे भाऊ. त्यांच्या संग्रहालयात ‘हात लावू नका’ अशी पाटी नव्हती, उलट हात लावल्याशिवाय तिथले काहीच कळत नसे. भारतात कोलकात्याचे बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय 1959 मध्ये उघडले आणि पुढे 1978 मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली. देशभरातली बहुतेक सरकारी विज्ञान केंद्रे आज याच परिषदेच्या छत्राखाली आहेत.

शाश्वतता हाच ज्याचा कणा आहे अशा संग्रहालयाचे सर्वांत ठळक उदाहरण ब्राझीलमध्ये सापडते. रिओ दि जानेरोच्या जुन्या बंदरात, प्रासा मौआ चौकाच्या टोकाला, डिसेंबर 2015 मध्ये ‘उद्याचे संग्रहालय’ सुरू झाले. सांतियागो कालात्रावा या स्पॅनिश वास्तुविशारदाची ती लांबच लांब पांढरी इमारत समुद्रात झेपावल्यासारखी दिसते. तिच्या छपरावरचे सौर पंख सूर्याबरोबर हळूहळू कलतात. इमारत थंड ठेवायला ग्वानाबारा उपसागराचे पाणी वापरले जाते आणि काम झाल्यावर ते स्वच्छ करून परत सोडले जाते. म्हणजे विषय आत शिरण्याआधीच सुरू होतो. शाश्वततेवर प्रदर्शन भरवायचे आणि सभागृह मात्र दिवसरात्र वातानुकूलनाने गोठवायचे, हा विरोधाभास इथे तरी टाळला आहे.

आतली मांडणी पाच प्रश्नांवर बेतलेली आहे. आपण कुठून आलो, आपण कोण आहोत, आपण कुठे आहोत, आपण कुठे चाललो आहोत, आणि आपल्याला कसे जायचे आहे? पहिल्या दालनात विश्व आहे आणि दुसऱ्यात पृथ्वी. तिसरे दालन माणसाने पृथ्वीवर उमटवलेल्या ठशाचे. तिथे दहा मीटरहून उंच असे सहा खांब उभे आहेत आणि त्यांच्या पडद्यांवर जंगलतोड, शहरे, धूर, वितळणारा बर्फ असा आकड्यांचा आणि चित्रांचा मारा होतो. प्रेक्षक इथे थोडा दडपून जातो, आणि बहुधा तोच हेतू असावा. चौथ्या दालनात खेळ आहेत. आपल्या राहणीला पृथ्वीचा किती हिस्सा लागतो याचा हिशोब तिथे करता येतो, एखादा समाज तगवून दाखवण्याचा प्रयत्न करता येतो. शेवटच्या दालनात पोहोचल्यावर एक गंमत लक्षात येते. मुख्य प्रदर्शनात खरी जुनी वस्तू अशी एकच आहे: ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची ‘चुरिंगा’. एका पिढीकडून दुसरीकडे जाणाऱ्या ज्ञानाचे प्रतीक म्हणून ती तिथे ठेवली आहे.

टोकियोच्या ‘मिराईकान’ने 2001 पासून वेगळी वाट धरली. तिथे छताखाली सहा मीटर व्यासाचा पृथ्वीगोल टांगलेला आहे. दहा हजारांहून अधिक प्रकाशफलकांनी मढवलेल्या या गोलावर ढग, समुद्राचे तापमान आणि इतर निरीक्षणे दिसत राहतात. बर्लिनचे ‘फ्युचुरियम’ 2019 मध्ये उघडले. निसर्ग, माणूस आणि तंत्रज्ञान अशा तीन दालनांत ते एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे शेजारी शेजारी मांडते आणि निवड पाहणाऱ्यावर सोडते. दुबईचे ‘भविष्याचे संग्रहालय’ 22 फेब्रुवारी 2022 रोजी सुरू झाले. अरबी सुलेखनाने कोरलेली त्याची पोलादी कडीसारखी इमारत फार देखणी आहे. आतली सफर प्रेक्षकाला 2071 सालच्या अंतराळ स्थानकावर नेते. डोळे दिपतात, पण तो अनुभव सिनेमाच्या जवळचा वाटतो. 2071 मध्ये काय असेल हे सांगण्यापेक्षा तिथवर पोहोचण्याचा हिशोब दाखवणे अवघड असते, आणि संग्रहालयाची खरी परीक्षा त्या हिशोबात होते.

पैसा कोणाचा, हाही या संग्रहालयांपुढचा नाजूक प्रश्न आहे. लंडनच्या सायन्स म्युझियमने 2021 मध्ये हवेतला कार्बन शोषून घेण्याच्या तंत्रांवर प्रदर्शन भरवले. त्याला शेल या तेल कंपनीचे प्रायोजकत्व असल्यामुळे मोठी टीका झाली आणि काहींनी निदर्शनेही केली. प्रदर्शनातले विज्ञान बरोबर असू शकते, तरी कोणता प्रश्न मांडला आणि कोणता गाळला यावर पैशाची सावली पडू शकते. म्हणून अशा दालनात शिरताना प्रायोजकांची पाटी वाचून घेणे हा पाहण्याचाच भाग मानावा.

महाराष्ट्रात या विषयाला जवळची दोन मोठी केंद्रे आहेत. मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र 1977 पासून टप्प्याटप्प्याने वाढत गेले आणि नोव्हेंबर 1985 मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन झाले. विदर्भासाठी नागपूरचे रमण विज्ञान केंद्र आहे. गांधीसागर तलावासमोरचे हे केंद्र मार्च 1992 मध्ये सुरू झाले आणि 1997 मध्ये त्याला तारांगण जोडले गेले. सर सी. व्ही. रमण यांचे नाव नागपूरच्या केंद्राला उगाच दिलेले नाही. वैज्ञानिक म्हणून नाव होण्याआधी ते सरकारी अर्थखात्यात अधिकारी होते आणि त्या नोकरीत 1910च्या सुमारास त्यांची बदली नागपूरला झाली होती.

उदाहरण घ्यायचे तर वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातले केनवड हे सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यातले गाव. इथल्या शाळेला सहल काढायची तर मुंबईपेक्षा नागपूर सोयीचे, आणि डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून ते आणखी सोपे झाले आहे. सकाळी निघून रात्रीपर्यंत परतता येते. मात्र घाई केली तर सहल तारांगण, डायनासोरची शिल्पे आणि आरसे एवढ्यावरच संपते. मुलांना हे सगळे आवडते, आवडू द्यावे. पण ऊर्जा आणि हवामान समजून घ्यायचे असेल तर थोड्याच प्रयोगांपाशी जास्त वेळ थांबावे लागते.

विज्ञान केंद्रांत सर्रास आढळणारा एक प्रयोग म्हणजे पॅडल मारून वीज निर्माण करण्याची सायकल. मुले तिच्यावर तुटून पडतात, दिवा लागला की ओरडतात आणि पुढे पळतात. त्यात दडलेला आकडा मात्र हातातून निसटतो. सर्वसाधारण माणूस बराच वेळ टिकेल अशा वेगाने पॅडल मारत राहिला तर 75 ते 100 वॅट शक्ती देतो. त्यावर नऊ वॅटचे आठ-दहा एलईडी दिवे लागतील. दोन हजार वॅटचा गिझर चालवायला मात्र वीस-पंचवीस माणसे एकदम सायकलवर बसवावी लागतील. एक युनिट वीज म्हणजे एक हजार वॅट तासभर, म्हणजेच एका माणसाची दहा ते तेरा तासांची मेहनत. विहिरीवरचा पाच अश्वशक्तीचा पंप तासाला चारेक युनिट घेतो. ते पाणी हातापायाच्या जोरावर उपसायचे तर एका तासामागे चाळीस-पन्नास तास घाम गाळावा लागेल. केनवडच्या मुलाला गिझरपेक्षा हा पंपाचा हिशोब लवकर कळेल. तो त्याच्या घरचा आहे.

दुसरा प्रयोग हरितगृह परिणामाचा. एका नळीत साधी हवा आणि दुसरीत कार्बन डायऑक्साइड भरून दोन्हींवर सारखीच उष्णता सोडली, की दुसऱ्या नळीतून उष्णता कमी पार होते. इन्फ्रारेड कॅमेऱ्यातून पाहिले तर कार्बन डायऑक्साइडच्या नळीपलीकडची मेणबत्ती अंधूक होत जाते, आणि डोळ्यांना मात्र ती तशीच लख्ख दिसते. एरवी ‘वायू उष्णता अडवतो’ हे वाक्य पाठ करावे लागते, इथे ते दिसते. याच्या शेजारी चार्ल्स कीलिंग यांचा आलेख असायला हवा. त्यांनी 1958 मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड नियमित मोजायला सुरुवात केली, तेव्हा तो दहा लाख भागांत सुमारे 315 भाग होता. औद्योगिक क्रांतीपूर्वी तो 280च्या आसपास होता आणि आता 420च्या पुढे गेला आहे. आलेखाची रेषा सरळ चढत नाही, दरवर्षी करवतीच्या दात्यासारखी खालीवर होते. उत्तर गोलार्धातली झाडे-पिके वाढीच्या दिवसांत वायू शोषतात आणि नंतर सोडतात, म्हणून.

तिसरा प्रकार फिरत्या पृथ्वीगोलाचा. अमेरिकेच्या नोआ या संस्थेने तयार केलेली ‘सायन्स ऑन अ स्फिअर’ ही रचना मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात आहे. पावणेदोन मीटर व्यासाच्या पांढऱ्या गोलावर चार बाजूंनी प्रक्षेपक चित्रे टाकतात आणि त्यावर मान्सूनचे वारे, समुद्रप्रवाह, चक्रीवादळे फिरताना दिसतात. जून लांबला की पेरणी लांबते हे वाशीमच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण त्या लांबण्याचा धागा प्रशांत महासागरातल्या एल निनोपर्यंत कसा जातो हे गोलावर पाच मिनिटांत उमगते.

या केंद्रांच्या उणिवाही सांगायला हव्यात. हाताळायची उपकरणे रोज शेकडो हातांखालून जातात, त्यामुळे कुठल्याही विज्ञान केंद्रात काही कळा मुक्या असतातच. देखभालीचा खर्च हा नव्या दालनाच्या फितीइतका आकर्षक नसतो. दुसरी उणीव जास्त खोल आहे. शाश्वततेची प्रदर्शने बहुतेकदा शहरी घर डोळ्यांपुढे ठेवून केलेली असतात: दिवा बंद करा, नळ बंद करा, कचरा वेगळा करा. कोरडवाहू शेतीतल्या माणसाचे प्रश्न वेगळे. त्याच्यासाठी पाणी भूगर्भात असते आणि कार्बन मातीत. ‘सेंद्रिय कर्ब’ हा शब्द माती परीक्षणाच्या कार्डावर तो वाचतो, पण तोच कर्ब आणि आकाशातला कार्बन डायऑक्साइड ही एकाच चक्राची दोन ठिकाणे आहेत हे त्याला दाखवणारे दालन क्वचितच भेटते.

ही पोकळी भरून काढणारी एक जागा विदर्भातच आहे, आणि ती रिओच्या संग्रहालयाहून पाऊणशे वर्षांनी जुनी आहे. वर्ध्याचे मगन संग्रहालय 30 डिसेंबर 1938 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते सुरू झाले. खादीच्या कामात आयुष्य घालवलेल्या मगनलाल गांधींच्या नावाने उभ्या राहिलेल्या मगनवाडीत 1934 पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम चाले. त्याचे सूत्रधार होते अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा. खेड्यातल्या तंत्राचे संग्रहालय काढायचे ही कल्पना त्या काळात चमत्कारिकच म्हटली पाहिजे. चरखे, घाण्या, हातकागद, कुंभारकाम, मधमाशीपालन हे सारे तिथे आठवण म्हणून जपायला ठेवलेले नव्हते, सुधारायला ठेवलेले होते. कमी धुराची मगन चूल इथलीच. दुसऱ्या महायुद्धात रॉकेल मिळेनासे झाले तेव्हा वनस्पती तेलावर जळणारा मगन दीपही इथूनच पसरला.

कुमारप्पांचे ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हे पुस्तक तुरुंगवासात लिहिले गेले आणि 1945 मध्ये प्रसिद्ध झाले. शाश्वत विकासाची आज सर्वत्र उद्धृत होणारी व्याख्या ब्रुंटलँड आयोगाने 1987 मध्ये केली, म्हणजे त्यानंतर 42 वर्षांनी. कुमारप्पांनी एक साधा भेद केला होता. कोळसा, तेल, खनिजे हा साठा आहे. तो वापरावा तितका कमी होतो आणि त्याच्यावरून भांडणे होतात. सूर्य, पाऊस, झाडे, माणसाची व जनावरांची शक्ती हा प्रवाह आहे, तो दरवर्षी नव्याने येतो. समाज साठ्यावर उभा आहे की प्रवाहावर, यावर त्याचे टिकणे अवलंबून आहे. ही एक ओळ मनात ठेवून नागपूरच्या विज्ञान केंद्रात फिरले तर तिथला प्रत्येक ऊर्जा-प्रयोग वेगळा दिसू लागतो.

कुमारप्पांचा भेद आजच्या पंपालाही लावून पाहावा. महाराष्ट्रात 2024 पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना सुरू आहे. सूर्य हा प्रवाह आहे, त्यामुळे ऊर्जेच्या बाजूने हे उत्तम. पण पंप ज्या पाण्यावर चालतो ते बेसाल्ट खडकाच्या भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात साठलेले असते, आणि हा खडक पाणी फार थोडे धरतो. वीजबिल नाही, रात्रीचा फेरा नाही, दिवसभर ऊन आहे. मग उपसा थांबवणार कोण? प्रवाहाच्या जोरावर साठा जास्त वेगाने रिकामा होऊ शकतो. वर्ध्यातच असलेल्या दोन संस्था, 1976 मध्ये देवेंद्र कुमार यांनी सुरू केलेले ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आणि मगनवाडीतली महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, याच जातीच्या प्रश्नांवर खेड्याच्या अंगाने काम करतात. सहलीला दुसरा दिवस देता आला तर तो वर्ध्याला द्यावा. समृद्धी महामार्ग त्या जिल्ह्यातूनच जातो.

पाण्याचा हिशोब गावातच मांडता येतो. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. वाशीम जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेसातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे एका एकरावर तीस लाख लिटरच्या आसपास पाणी. त्यातले बरेचसे पिके आणि ऊन उडवून नेतात, काही नाल्याने वाहून जाते आणि खडकापर्यंत मुरते ते ढोबळमानाने दहाव्या हिश्श्याच्या आसपास. जागतिक बँकेच्या साहाय्याने 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘पोकरा’त, वाशीमसह पंधरा जिल्ह्यांतली पाचेक हजार गावे होती. गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडणे हा त्यातला पायाचा भाग. रुंद वरंबा-सरीवर म्हणजे बीबीएफवर सोयाबीन पेरण्याचा प्रसारही त्यात झाला. जास्त पाऊस झाला तर पाणी सरीतून निघून जाते आणि उघडीप पडली तर वरंब्यात ओल टिकते. अनिश्चित पावसाशी जुळवून घेणे म्हणजे काय, याचे याहून सोपे प्रात्यक्षिक कुठल्याही दालनात मिळणार नाही.

अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 पासून विदर्भाचे काम पाहते आणि शेतकऱ्यांसाठी शिवार फेरी भरवते. वाण, पेरणीच्या पद्धती, अवजारे उभ्या पिकांत दाखवली जातात. भिंती आणि पडदे नसले तरी ते भविष्याचे संग्रहालयच आहे: पुढच्या हंगामाचे. विज्ञान केंद्राची सहल उन्हाळ्याआधी आणि शिवार फेरी पिके उभी असताना, अशी जोडी जमवली तर शाळेतल्या मुलांना एकाच विषयाच्या दोन्ही बाजू दिसतात.

सहलीची तयारी फार मोठी लागत नाही. निघण्याआधी घरचे वीजबिल, पंपाची अश्वशक्ती आणि विहिरीची उन्हाळ्यातली व पावसाळ्यानंतरची पातळी एका वहीत लिहून घ्यावी. केंद्रात पोहोचल्यावर मुलांचे चार-पाच जणांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाला दोनच प्रयोग नेमून द्यावेत. त्यांनी पाटी वाचण्याआधी उपकरण हाताळून काय होते ते नोंदवावे, मग पाटी वाचावी. तिथल्या मार्गदर्शकांना प्रश्न विचारावेत. बिघडलेल्या उपकरणापाशी तर नक्कीच, कारण ते कसे चालायला हवे होते हे ऐकताना बरेच कळते. परतीच्या वाटेवर गटांनी एकमेकांना आपापले प्रयोग समजावून सांगावेत.

ज्या शाळेला सहल परवडत नाही तिच्यासाठी उलटा मार्ग आहे. 1965 मध्ये कोलकात्याच्या बिर्ला संग्रहालयाने बसमध्ये प्रयोग बसवून ते पश्चिम बंगालच्या खेड्यांत पाठवायला सुरुवात केली. पुढे देशभरच्या केंद्रांनी हे फिरते विज्ञान प्रदर्शन उचलले. रेल्वेनेही हा प्रयोग केला. ऑक्टोबर 2007 मध्ये दिल्लीहून निघालेली सोळा डब्यांची ‘सायन्स एक्स्प्रेस’ 2017 पर्यंत देशभर फिरली आणि तिच्या शेवटच्या फेऱ्यांचा विषय हवामानबदल हा होता. ती गाडी आता धावत नाही, बस मात्र धावतात. एका बसमध्ये एका विषयावरचे वीस-चोवीस प्रयोग असतात. ती शाळेच्या पटांगणात उभी राहते, दिवसा मुले प्रयोग पाहतात आणि अंधार पडल्यावर जमेल तिथे दुर्बिणीतून आकाशदर्शन किंवा विज्ञानपट दाखवला जातो. बस बोलावण्यासाठी मुख्याध्यापकांनी जवळच्या केंद्राकडे, विदर्भात रमण विज्ञान केंद्राकडे, बरेच आधी पत्र द्यावे लागते. आसपासच्या चार-पाच शाळांनी मिळून मागणी केली तर एका मुक्कामात सगळ्यांची मुले प्रयोग पाहू शकतात.